मुकुटाचे तीन इंच

मांजरी गावात उसाच्या बांधावर वाढलेली मंदाकिनी लग्न होऊन कसब्यातल्या कुंभारांच्या गल्लीत आली, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. ती आमच्या गावची लेक म्हणून सांगत नाही, पण गणपतीचे डोळे आखावेत तर तिनेच. नवरा संतोष शाडूची मूर्ती घडवतो, रंगवतो आणि शेवटी तिच्यापुढे सरकवतो. ती अंघोळ करून मुकाट बसते, श्वास रोखते आणि पापणीची रेघ एका दमात ओढते. ती रेघ उमटली की मूर्तीला हत्यार लावायचं नाही, हा त्या घराचा नेम. सासूने एकदाच सांगितला होता. तेवढं पुरलं.

ही आखणी एरवी चतुर्थीच्या आधीच्या आठ दिवसांत व्हायची. करोनाच्या पहिल्या वर्षी मात्र तिने घाई केली. घाई कुणीही केली असती. सकाळी दुकानं उघडायची म्हणून आदेश यायचा, तो वाचून होईपर्यंत दुसरा यायचा. आज रस्त्याची ही बाजू उघडी, उद्या ती. कधी गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले जात आणि आतली माणसं आतच राहत. मदतीचे कारागीर गावाकडे निघून गेले होते. उद्या आपणच अंथरुणाला खिळलो तर डोळे कोण आखणार, या धास्तीने तिने जून संपायच्या आत एकतीस मूर्तींचे डोळे आखून टाकले.

मग नियम आला. घरगुती मूर्ती दोन फुटांहून उंच नको. हिवाळ्यापासून घडवलेल्या त्यांच्या मूर्ती दोन फूट तीन इंचांच्या होत्या.

विक्रीच्या मांडवाला परवानगी हवी तर पालिकेच्या कचेरीचा माणूस आधी मूर्ती मोजणार होता. त्याच परवानगीचं पत्र जोडलं तर कारागिरांच्या सरकारी मदतीचा अर्ज पुढे सरकणार होता. पत्र नाही तर मांडव नाही आणि मदतही नाही. शेतकऱ्याला दोन हंगाम असतात, कुंभाराला हा एकच.

कचेरीचे श्रीनिवासराव सकाळी दहाला आले. नाकावर मास्क, गळ्यात टेप. पहिली मूर्ती पाटापासून मोजली आणि उंची वहीत लिहिली. संतोषने विचारून पाहिलं, की मुकुट उंचीत धरायचाच का, आदेशात तसं कुठे लिहिलंय.

"धरू नका असंही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "गणपती काय मुकुट दारात ठेवून घरात येतो?"

पुढे त्यांनी शांतपणे सांगितलं, की यादी आज पाचला बंद होते. बाकीचे कारखाने मोजून ते चारला परत येतील. तोवर काय करायचं ते करा.

ते गेल्यावर संतोषने करवतीचं पातं काढलं. वरचे तीन इंच कापायचे, ओल्या शाडूने टोक गोल करायचं, सोनेरी रंग द्यायचा. तो पहिल्या मूर्तीपाशी बसला आणि मंदाकिनी मध्ये येऊन उभी राहिली. तीस वर्षं शहरात राहून घासलेली तिची बोली त्या क्षणी मांजरीला परत गेली.

"अहो, डोळं उघडं हायेत त्येचं. बघणाऱ्याच्या डोक्यावर करवत चालवायची न्हाई."

"मग पोटावर चालवू का, आपल्या?"

ती बाजूला झाली नाही. संतोष चिडून म्हणाला, की प्राणप्रतिष्ठा तर गिऱ्हाइकाच्या घरी होते, इथे अजून नुसती मातीच आहे. तिने मूर्तींच्या रांगेकडे पाहिलं. एकतीस जोड्या तिच्याकडे पाहत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले.

मग तिने वाडग्यात शाडू कालवला. अगदी पातळ, ताकासारखा.

"डोळे मी दिलेत," ती म्हणाली, "मीच मिटीन. मिटल्याशिवाय पातं लावू नका. मुकुट झाला की परत आखीन."

ती बोटाने एकेक डोळा लिंपत गेली. आधी डावा, मग उजवा. जिथे दोन्ही मिटले, तिथे संतोषचं पातं लागलं. वाळका शाडू ठिसूळ असतो. करवत जरा तिरकी झाली की तडा कपाळापर्यंत उतरतो. पाचव्या मूर्तीला तसा उतरला. दोघांनी तो पाहिला, मूर्ती बाजूला ठेवली आणि सहावी ओढली. जेवण राहिलं. पांढरी धूळ दोघांच्या भुवयांवर बसली.

चार वाजता श्रीनिवासराव आले. त्यांनी एकोणतीस मूर्ती मोजल्या. सगळ्या दोन फुटांच्या आत. फुटलेली त्यांनी यादीतून वगळली. मग त्यांना कोनाड्यात कापडाखाली झाकलेली एक दिसली. कापड काढलं तर मुकुट शाबूत, डोळे टक्क उघडे.

मंदाकिनीने सांगितलं, की ती विकायची नाही. तसे डोळे हातून पुन्हा उतरायचे नाहीत, म्हणून घरच्या पूजेला ठेवलीय.

"नियम घरच्याच मूर्तीचा आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "तुमचं घर त्यातून कसं सुटेल? ही राहिली तर मला कारखाना नियमात आहे असं लिहिता येत नाही."

संतोषने पातं उचललं नाही. तो बायकोकडे पाहत राहिला. पाच वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती आणि कचेरी नदीपलीकडे होती.

मंदाकिनीने वाडगं घेतलं. तळाशी शाडू घट्ट बसला होता, तिने पाणी घालून तो सैल केला. श्रीनिवासरावांनी वही मिटली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने डावा डोळा मिटला. उजव्यापाशी बोट थांबलं, मग तोही मिटला.

"चालवा," ती नवऱ्याला म्हणाली.

करवतीचा आवाज थांबला तेव्हा श्रीनिवासराव वळले. त्यांनी टेप लावली नाही. उभ्या उभ्याच पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि तिच्या शाडूने माखलेल्या हातात न देता तिच्याजवळ पाटावर ठेवलं.