ग्राइंडरचे घाव

धानोऱ्याच्या रस्त्यालगत तो ग्राइंडरने लाकडी वाडगे कोरायचा. एक करंगळी त्याच मशीनने नेलेली. वर्षाची बरीचशी विक्री हस्तकला प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर व्हायची. यंदा स्टॉल मंजूर करणाऱ्या थोर साहेबांनी त्याचा अर्ज फेटाळला, कारण वाडगे गुळगुळीत, म्हणजे हाताचे नाहीत. मी त्याच्या वतीने तावातावाने निवेदन लिहायला घेतलं.

भुसा फुंकत, एक पाय उचलून दाखवत तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे भाऊ. मशीन मी काय पायघाई चालाडस?” मग त्याच ग्राइंडरने तो वाडग्यांवर हातातल्या पटाशीने पडतात तसे घाव पाडू लागला.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते वाडगे नंदुरबारला साहेबांकडे नेले. साहेबांनी ते घाव कुरवाळले, स्टॉल मंजूर केला आणि मला समजावलं, “याला म्हणतात हाताचं काम.” माझं मुद्देसूद निवेदन खिशातच राहिलं. त्याने साहेबांना नऊ बोटांनी नमस्कार केला.