हजेरीतले पाच आकडे

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे, कारण त्या नावात थोडं कौतुक होतं. चार सेकंदांत एक प्रतिक्रिया वाचायची, ठेवायची की काढायची ते ठरवायचं, असं दिवसाला दोन-अडीच हजार वेळा करायचं आणि तरी महिन्याच्या तपासणीत शंभरातले अठ्ठ्याण्णव निर्णय बरोबर निघायचे, हे त्या मजल्यावर दुसऱ्या कुणाला जमलेलं नव्हतं.

त्याआधी अकरा वर्षं ती एका दैनिकात मुद्रितं तपासायची. मग ते दैनिक बंद पडलं. नवरा त्याच्याही आधी दुसरीकडे राहायला गेला होता. शाळेत जाणारी लेक तेवढी होती तिथेच होती. या नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, "लोकांनी लिहिलेली घाण दिवसभर वाचायला जमेल का तुम्हाला?" "अकरा वर्षं अग्रलेख वाचलेत," ती म्हणाली. समोरचे तिघे हसले आणि नोकरी मिळाली.

कामाची खोली लांबोडी होती, खिडकी नसलेली. टेबलांच्या तीन रांगा. फोन, कागद, पेन, सगळं बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवून आत यायचं, लॉकर सुटी झाल्यावरच उघडायचं, म्हणजे लोकांनी लिहिलेलं कुणी उतरवून नेणार नाही. गाण्यांखाली, चित्रफितींखाली लोक जे लिहितात आणि दुसरे लोक ज्याची तक्रार करतात, ते एकेक करून पडद्यावर येई. फक्त तेवढंच येई. कुठल्या गाण्याखालचं, ते वर बारीक अक्षरांत असे. पण गाणं वाजत नसे, आणि त्या ओळीच्या वर-खाली कुणी काय म्हटलं तेही दिसत नसे. हेडफोन कुणालाच दिलेले नव्हते. आवाज ऐकत बसलं तर चार सेकंदांचं काम चार मिनिटांवर जातं, असा हिशेब.

शेजारच्या खुर्चीवर मामा. कुणाचेच मामा नसलेले, बँकेतून निवृत्त झालेले, एका बोटाने टाइप करणारे. तिने हूं की चूं न करता घाण उपसलेली बघून ते म्हणायचे, "खोडरबरबाई, जरा बेताने. रबर झिजतं."

त्या दिवशी दुपारी अडीचला तिच्यासमोर एक अर्ज आला. प्रतिक्रिया काढली गेली की लिहिणाऱ्याला अर्ज करता येतो. असे अर्ज तक्रारींतच मिसळून येतात. नावाच्या जागी 'रिटायर्ड फिटर' असं होतं. वर एका हेवी मेटल गाण्याचं नाव. हे नाव तिने महिन्याभरात बऱ्याचदा पाहिलं होतं. ज्यूंच्या संहारावरचं गाणं, त्याच्याखाली नेहमी भांडणं. अर्ज लांब होता, आणि लांब अर्ज ती तिरपे वाचायची. हा मात्र सरळ वाचावा लागला.

"मी भांडायला आलो नाही. माझं वय एकाहत्तर. असला आरडाओरडा मला संगीत म्हणून कधी आवडला नाही. नातवाने ऐकवलं म्हणून ऐकलं. गाणं छळछावणीतल्या पहाटेच्या हजेरीचं आहे. गायक घसा फाडून 'नंबर!' असं ओरडतो, आणि सगळी वाद्यं एकदम थांबतात. सहा सेकंद काही वाजत नाही. त्या सहा सेकंदांत माझ्या तोंडून माझ्या आईचा नंबर निघाला. छावणीत गोंदलेला तो नंबर तिच्या डाव्या हातावर होता. लहानपणी मी तो बोटाने गिरवायचो आणि ती गिरवू द्यायची. तोच मी गाण्याखाली लिहिला. दुसरं काही लिहिलं नाही. मग माझ्या ओळीखाली ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरातले लिहायला सुरुवात केली. कुणाची आजी, कुणाचा चुलता. ज्यांना नंबर माहीत नव्हता त्यांनी गावाचं नाव लिहिलं. सहा वर्षांत चारशे बारा झाले होते. तुम्ही ते सगळं काढलंत. मी पुन्हा लिहिलं, तेही काढलंत. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा खातं बंद केलंत. खात्याचं मला काही नाही. त्या बाकीच्यांचं परत ठेवा. कितीतरी जणांनी ते दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नसेल."

तिने त्या ओळीचा इतिहास उघडला. काढणाऱ्याचा क्रमांक: तिचा स्वतःचा. कारण: अर्थहीन किंवा सांकेतिक अंक. लागलेला वेळ: चार सेकंद. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पुन्हा तीच. तीन सेकंद, तीन सेकंद.

तो नियम तिला पाठ होता. ज्यूंचा द्वेष करणारे लोक उघड काही लिहीत नाहीत, आकड्यांत खुणा करतात; म्हणून असल्या गाण्याखाली नुसतेच आकडे दिसले की काढायचे. म्हाताऱ्याच्या आईची टर उडवणाऱ्यांना रोखण्यासाठीच केलेला नियम. आणि वरची ओळ काढली की खालच्या सगळ्या तिच्यासोबत जातात, फांदी तोडली की पानं जावीत तशा.

इतिहासाच्या तळाशी लाल अक्षरांत होतं: कायमचं नष्ट होण्यास शिल्लक, तीन तास बावीस मिनिटं. काढलेलं तीस दिवस ठेवतात. आज तिसावा दिवस होता.

'परत ठेवा' हे बटण राखाडी होतं. दोनदा दाबून पाहिलं, तिसऱ्यांदा जोरात. ज्याने काढलं त्याला परत ठेवता येत नाही, हेही तिला पाठ होतं.

ती टीमलीडरकडे गेली. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी सगळे त्याला सर म्हणायचे.

"सर, एक चूक झालीये. माझी."

"तुमची? थांबा, तारीख लिहून ठेवतो."

तिने सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे तिच्या खुर्चीवरच्या दिव्याकडे. काम थांबलं की दहा मिनिटांत तो लाल होतो.

"नियमांचं ऑफिस वेगळं आहे, मॅडम. त्यांचा दिवस आपल्या रात्री आठला सुरू होतो. मेल टाका."

"सहाला सगळं जाणार आहे."

"मग मेलवर 'तातडीचं' असं लिहा."

"तुम्हाला नाही का करता येणार? एकदा, फक्त एकदा."

"मी माणसांचा टीमलीडर आहे, प्रतिक्रियांचा नाही." मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं, "आणि खरं सांगू का? नियमाने बघितलं तर ही चूकच नाहीये. तपासणीत याचे पूर्ण गुण पडलेत तुम्हाला."

ती परत आली तेव्हा दिवा पिवळा झाला होता. मामांनी मान वाकडी करून तिच्या पडद्यावरचा अर्ज वाचला. बराच वेळ लावून वाचला.

"'पुढे ढकला' दाब," ते म्हणाले. "रांगेत परत जाईल. माझ्याकडे आलं की मी ठेवतो."

"तुमच्याकडेच कशावरून येईल?"

"नाही आलं तर दुसऱ्या कुणाकडे येईल. सगळ्यांच्या कानावर घाल. तुझ्यापाशी ठेवून तरी काय होणार आहे? लोणचं?"

हे खरं होतं. ती उठली आणि टेबलाटेबलाशी वाकून सांगत गेली, की रिटायर्ड फिटरचा अर्ज आला तर परत ठेवा, पाया पडते. पहिल्या रांगेतली एकजण म्हणाली, "कोण लागतो गं तुझा?" "कुणी नाही." "मग एवढी का रडकुंडीला आलीयेस?" तिसऱ्या रांगेतल्या एकाने मान डोलावली, पण त्याचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत, ऐकलं की नाही देव जाणे. खालच्या मजल्यावरही हीच रांग वाटली जाते. ती जिना उतरून गेली, तर दारावरच्या रखवालदाराने कार्ड मागितलं. तिचं कार्ड वरच्याच दाराचं. "काय निरोप असेल तो सांगा," तो म्हणाला. तिने सांगितला. त्याने 'बरं बरं' म्हटलं, दिवसभरात शंभर जणांना म्हणावं तसं.

परत जागेवर येऊन तिने अर्ज सोडण्याआधी तो नंबर पाठ करायला घेतला. पाच आकडे. ओठ हलवून तीनदा, चारदा म्हटले. तिला स्वतःची खोड माहीत होती. मुद्रितं तपासणाऱ्याला मजकूर लक्षात राहत नाही. लक्षात राहायला लागला की डोळा पुढचं आपोआप वाचतो आणि चूक निसटते. अकरा वर्षं तिने विसरण्याचाच रियाज केला होता. कागद नव्हता, पेन नव्हतं. नखाने मनगटावर ओरखडून घ्यावं असं मनात आलं, नख टेकलंही. आणि आपण काय करतोय ते कळताच तिने हात झटकन मांडीखाली दाबला, चटका बसल्यासारखा.

मग तिने 'पुढे ढकला' दाबलं.

त्यानंतर ती काम करत होती, म्हणजे बोटं करत होती. ठेव, काढ, काढ, ठेव. दर दोन मिनिटांनी इतिहास उघडून बघायची. मामा प्रत्येक नव्या ओळीला "नाही" म्हणायचे, हळूच. नाही. हेही नाही. मागून कुणीतरी विचारलं, "आला का गं तुझा फिटर?" आणि रांगेत थोडं हसू पिकलं. तिला वाटलं, हसू देत, निदान लक्षात तरी आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी इतिहासात नवी ओळ उमटली. अर्ज फेटाळला. फेटाळणाऱ्याचा क्रमांक: खालच्या मजल्यावरचा. लागलेला वेळ: पाच सेकंद. पुन्हा अर्ज करता येणार नाही.

या वेळी तिने रखवालदाराला कार्ड दाखवलंच नाही. तो "अहो, अहो" करत मागे आला तोवर ती खालच्या मजल्यावर टेबलांवरचे क्रमांक वाचत चालली होती. त्या क्रमांकाच्या खुर्चीवर एक मुलगी बसलेली होती. वीस-एकवीसची. नोकरीचा सहावा दिवस.

"रिटायर्ड फिटर," खोडरबर म्हणाली. "तू फेटाळलंस?"

मुलगी उभी राहिली. "कुठला? असे खूप येतात, ताई... तो आकड्यांवाला? मोठा अर्ज होता, पण मूळ ओळीत नुसते आकडे होते म्हणून मी... चुकलं का माझं?" तिचा चेहरा उतरला. "ट्रेनिंगमध्ये असंच दाखवलं होतं. नमुन्याला तुमचेच निर्णय होते."

मुलीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. खोडरबरला स्वतःची लेक आठवली. कुठेतरी, कुणीतरी, तिलाही असाच नमुना हातात देणार.

"नाही," ती म्हणाली. "नियमाने बरोबर आहे."

रखवालदाराने तिला दंडाला न धरता, पण धरल्यासारखंच, जिन्यापर्यंत आणलं. टीमलीडरने लेखी खुलासा मागितला. मेल तर तिने टाकलाच होता, 'तातडीचं' असं लिहून; उत्तर आलं की आपलं म्हणणं पोचलं आहे, दोन दिवसांत पाहू.

सहाला पाच कमी असताना तिने इतिहास पुन्हा उघडला आणि नंबर शेवटचा वाचून घेतला. मामा खुर्ची सरकवून जवळ आले, पण त्यांचा चष्मा कपाळावर होता. पडद्याच्या कोपऱ्यात सहा वाजले. ओळ गेली. त्या जागी लगेचच पुढची ओळ आली, कुठल्याशा क्रिकेटच्या चित्रफितीखालची, पंचाला आईवरून शिवी.

तिने ती काढली.

बसस्टॉपवर लॉकरमधला फोन हातात आल्यावर तिने पहिलं ते गाणं शोधलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक मामांच्या. इतके दिवस जे गाणं ती नुसतं नावाने ओळखत होती ते सुरू झालं, आणि मामा दचकून म्हणाले, "अरे बाप रे, हे गातोय की याला कुणी मारतंय?" ढोल पावलांसारखे पडत होते, शेकडो पावलं, कुणीच मागे राहता कामा नये अशी. 'नंबर!' गायक ओरडला. आणि सगळं थांबलं.

सहा सेकंद. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली.

तिने खालच्या प्रतिक्रिया बघितल्या. "डोकं हलवत होतो, शब्द कळल्यावर थांबलो." "शाळेत शिकवलं नाही ते या गाण्याने शिकवलं." त्याखाली एकाने सभ्य भाषेत लिहिलं होतं की एवढे लोक मेल्याचा पुरावा काय, मी फक्त प्रश्न विचारतोय. ती ओळ तिने ओळखली. तक्रार आली होती. शिवी नाही, आकडा नाही, म्हणून तिनेच ठेवली होती. एकोणीसशे लोकांना ती आवडली होती.

"टाक की तू," मामा म्हणाले. "तुझ्या खात्यावरून. काढतील तेव्हा काढतील."

तिने लिहायला घेतलं. पहिले तीन आकडे बोटांनी आपोआप मारले. मग ती थांबली.

"काय झालं?"

"शेवटचे दोन. कुठला आधी, मामा? तुम्ही पाहिले होते ना?"

मामांनी कपाळावरचा चष्मा चाचपला. "मी... नाही गं. मला आकडे दिसलेच नाहीत." मग ते म्हणाले, "कुठलाही टाक. कोणाला कळणार आहे?"

"तो कुणाचा तरी असणार. उलटा पडला तर दुसऱ्याच कुणाची आई होईल." ती म्हणाली. "आणि तो माणूस बघेल. मुलाच्या, नातवाच्या फोनवर बघेल. बघेल की नाही?"

मामांची बस आली. ते चढले नाहीत. तिने गाणं पुन्हा मागे नेलं, ओरडण्यापर्यंत, आणि त्या सहा सेकंदांत पाचही आकडे मोठ्याने म्हटले. मग गाणं पुन्हा मागे नेऊन शेवटचे दोन उलटे म्हणून पाहिले. स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. दोन्ही बरोबर वाटत होते.