चांगल्यातलं चांगलं धान

दानशूर म्हणून माझं नाव व्हावं, असे प्रसंग आयुष्यात फार आले नाहीत. जे आले ते मुलीनं हाणून पाडले. आमच्या गोंदियातल्या कॉलनीत मागच्या हिवाळ्यात गरजूंसाठी कपडे गोळा झाले. मी एक पँट इस्त्री करून नेली. सगळ्यांसमोर ती पेटीत ठेवत असताना माझी नऊ वर्षांची मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "पप्पांच्या पोटाला बसत नाही ना, म्हणून दिली."

लोक हसले. मीही हसलो. पण घरी येताना ठरवलं, या पोरीला दान म्हणजे काय हे नीट शिकवायचं. आपल्याला ते येतं का, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. तसे प्रश्न मला नंतर पडतात.

आमचं गाव सालेकशाच्या बाजूला, छत्तीसगढला लागून. तिकडे पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. धान मळून घरात आलेलं असतं. त्या दिवशी गावातली सगळी पोरं पिशव्या, टोपल्या घेऊन दारोदार फिरतात, "छेरछेरा!" म्हणून ओरडतात आणि प्रत्येक घरातून त्यांना ओंजळभर धान मिळतं. मागणाऱ्यात मजुराचं पोर असतं तसं पाटलाचंही असतं. मागायची लाज नाही, द्यायचा तोरा नाही. शिकवणीला यापेक्षा चांगली जागा कुठली? आदल्या दिवशीच बायको-मुलीला घेऊन मी थोरल्या भावाच्या घरी जाऊन थडकलो.

सकाळी भाऊ धान घेऊन खरेदी केंद्रावर गेला. वहिनी लाखोरीची भाजी खुडायला शेतातल्या बांधीकडे निघाली. जाताना तिनं दाराशी ठोकळ, म्हणजे जाड्या धानाची टोपली ठेवली आणि मला म्हणाली, "पोट्टे येतीन तं देजा जी भाऊजी. ओंजळ ओंजळ."

एवढंच काम होतं. टोपलीत हात घालायचा, ओंजळ भरायची, पिशवीत टाकायची. यात बिघडवण्यासारखं काही नव्हतं. पण मी मुलीला शेजारी उभं करून बोलायला लागलो.

"बेटा, दान देताना उरलंसुरलं द्यायचं नाही. घरातलं चांगल्यातलं चांगलं द्यायचं."

तिनं टोपलीत हात घातला, धान तळहातावर पसरलं आणि बारकाईनं पाहिलं. "पप्पा, इसमें तो कचरा है. हा दाणा पोचट आहे. हा पण." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तर तुमच्या पँटसारखंच झालं."

अंगणात ऊन खात बसलेली बायको खोकल्यासारखं काहीतरी करून हसली.

"चांगलं धान कुठं आहे?" मुलीनं विचारलं.

आता मी या घरातला मुलगा. माझ्याच घरातलं चांगलं धान कुठं आहे हे मला माहीत नाही, असं कसं सांगणार? माजघरात शिरलो. कोपऱ्यात एक मोठं मडकं होतं. तोंड शेणामातीनं लिंपून बंद केलेलं. वहिनीनं इतकं जपून ठेवलं म्हणजे पाहुण्यांसाठीच असणार, आणि पाहुणा तर मीच होतो. उलथन्यानं लिंपण फोडलं. आत कडुनिंबाची पानं आणि त्याखाली बारीक, सोनेरी चिन्नोर धान. काय वास! शिजवायच्या आधीच भूक लागावी असा. मी मडकं छातीशी धरून दारात आलो.

"हे," मी म्हणालो, "याला म्हणतात दान."

पोरीनं दोन्ही हातांनी दिलं. पोरांनी दोन्ही हातांनी घेतलं. आमच्या दारात वासाचं धान मिळतं ही बातमी गावभर झाली. दोन वेण्यांची एक मुलगी तीनदा आली, तिसऱ्यांदा धाकट्या भावाला कडेवर घेऊन. प्रत्येक ओंजळीला मी एकेक वाक्य बोलत होतो. पोरं धान घेत होती, वाक्यं तिथंच सोडून जात होती. दहा वाजेपर्यंत मडक्यात पानं तेवढी उरली.

वहिनी पदरात भाजी घेऊन आली. तिनं भरलेली टोपली पाहिली. मग रिकामं मडकं पाहिलं.

"हे मडकं कोनं खोललं?"

"मी," मी अभिमानानं म्हणालो. "दान केलं. चांगल्यातलं चांगलं."

वहिनी ओट्यावर बसली. पदरातली भाजी सांडली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"थे बी होतं जी भाऊजी."

मी शेतकऱ्याचा मुलगा. वीस वर्षं या घरात वाढलो. तरी बियाण्याचं मडकं ओळखू आलं नाही. वहिनीनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं हे चिन्नोर. दरवर्षी एका बांधीत लावायचं, लोंबी लोंबी निवडून पुढच्या सालासाठी मडक्यात ठेवायचं. दुकानात ते मिळत नाही. दुकानात मिळतं त्याला फक्त नाव असतं, वास नसतो.

"काऊन जी, एवढे शिकले तुम्ही," वहिनीला आता कंठ फुटला होता, "मडकं लिंपून कायले ठेवतेत? तुमची वाट पाहाले? आता पऱ्ह्यात काय टाकू मी? तुमचं भाषण पेरू?"

पोरांकडून परत आणावं, तर त्यांच्या पिशव्यांत घराघरांतलं धान मिसळलेलं. मुलगी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "पप्पा, आपण मागून आणू."

"बेटा, दिलेलं दान परत मागत नाहीत."

"परत नाही. छेरछेरा मागायचा. आज कोणीही मागू शकतं, तुम्हीच तर बोलले."

बायकोनं माझ्या हातात पिशवी दिली. "जा," ती म्हणाली. "आणि जमलं तर पोट आत घेऊन मागा."

पन्नाशीला टेकलेला माणूस दारात उभा राहून "छेरछेरा" म्हणतो तेव्हा त्याचा आवाज कसा निघतो, ते मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या म्हातारीला तो ऐकूच आला नाही. मुलीनं ओरडायला लावलं. म्हातारी बाहेर आली, मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन रे बाबू, गोंदियाले तांदूळ संपला का?"

मी खरं ते सांगितलं. ती हसता हसता खाली बसली. मग उठून आत गेली, ती पायलीभर चिन्नोर घेऊन आली. "तुह्या वहिनीनंच बी देल्लं होतं. माह्या बांधीत पुरानं काईच उरलं नव्हतं त्या साली."

पुढच्या दारात ठोकळ धान मिळालं, ते वेगळं माझ्या खिशात गेलं, आणि टोमणा मिळाला. त्याच्या पुढच्या दारात पुन्हा चिन्नोर, पुन्हा वहिनीचंच बी. वहिनीनं हे देणं कधी कोणाला शिकवलं नव्हतं, निदान मला तरी नाही. दोन वेण्यांची मुलगी आमच्यामागे हिंडत होती आणि प्रत्येक दारात माझ्या वतीनं ओरडत होती. माझ्यापेक्षा तिला सराव जास्त.

दुपारी आम्ही पिशवी वहिनीपुढे ठेवली. तिनं दाणे तळहातावर घेतले, वास घेतला, एक दाणा दातानं सोलून पाहिला.

"भेसळ हाये थोडी," ती म्हणाली. "रोवणी झाल्यावर उपटून टाकीन." मग पिशवी हातानं तोलून, "होते एका बांधीपुरतं."

मडकं भरलं. तोंड लिंपायचं काम मला मिळालं. कोपरापर्यंत शेणामातीत हात घालून मी बसलो होतो, तेवढ्यात वहिनीनं बाजूला ठेवलेलं ओंजळभर चिन्नोर मुलीच्या रुमालात बांधलं.

"हे तुहा छेरछेरा. सकाळपासून बाकीच्यायलेच देऊन राह्यली, घरासाठीच मांगून राह्यली. स्वतःसाठी काईच नाई मांगितलं."

मीही शेणाचा हात पुढे केला.

"तुमच्यासाठी भाजी हाये," वहिनी म्हणाली. "हात धुवा अन् निवडा. अन् चांगल्यातली चांगली बाजूले काढा जी, थ्या म्हातारीले द्यायची हाये."