माझे शुक्रवार खाणाऱ्या पॉट मॅडम

पॉट मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की चहा ओतायच्या आधी रिकाम्या कपाला टिचकी मारून बघायच्या. यजमान समोर किटली धरून उभा असला तरी थांबायच्या नाहीत. कप कानाशी धरायचा, टक् करायचं आणि निकाल द्यायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या बायकोनं, सुनीतानं, नवाकोरा सेट काढला होता. मॅडमनी टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाल्या, "कानाजवळ तडा आहे. आत आहे, अजून बाहेर आलेला नाही." सुनीतानं कसंनुसं हसून घेतलं. त्या गेल्यावर मला म्हणाली, "अहो, बाईंना चहाला बोलावलं होतं की तपासणीला?" पुढे तो कप खरंच कानापाशी तुटला, तेव्हा सुनीताला जास्तच राग आला. कपाचा नाही, मॅडमचा.

मॅडम नायजेरियाच्या. साठीला टेकलेल्या, उंच, डोक्याला भडक रंगाचं फडकं बांधलेलं, आणि नखांत कायम माती. इथे कुवेतच्या हवल्ली भागात आमच्या क्लिनिकपासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि एका खासगी कॉलेजात मुलामुलींना मातीकाम शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी स्वतः भांडी घडवली, देशोदेशी प्रदर्शनं केली. मग त्यांच्या भागातल्या बायका पाण्याची मोठी मडकी चाकाशिवाय कशी घडवतात यावर डॉक्टरेट केली, पुस्तक लिहिलं, आणि त्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा झाला. तिकडच्या विद्यापीठात सारखे संप आणि अडलेले पगार, म्हणून कुवेतला आल्या. हे सगळं मला त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. स्वतः त्या फक्त मडक्यांबद्दल बोलायच्या.

आता यात मी कुठून आलो? ती विद्यार्थिनी म्हणजे आमच्या क्लिनिकच्या मुदीरची, म्हणजे व्यवस्थापकाची, मुलगी. मी तिथे रेडिओग्राफर आहे. जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. ते मी लपवत नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगतो. छाती, मणके, हातापायाची हाडं यांचं रीतसर शिक्षण घेतलंय मी. मडक्यांचं नाही. पण मुदीरनं बोलावलं आणि सांगितलं, "या प्रोफेसरना मडक्यांचे एक्स-रे हवेत. शुक्रवारी क्लिनिक बंद असतं, मशीन रिकामं असतं आणि तूही रिकामा असतोस." खलास. आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी मडक्यांच्या नावावर झाली.

दर शुक्रवारी सकाळी मॅडम टॅक्सीतून उतरायच्या, प्रत्येक मडकं चादरीत लेकरासारखं गुंडाळलेलं. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं. मला त्या 'ओगा' म्हणायच्या, म्हणजे त्यांच्याकडचं 'साहेब'. साहेब म्हणायच्या आणि हमालासारखं राबवायच्या. "ओगा, जरा डावीकडे वळव. ओगा, मान खाली, पोट वर." मी मशीनमागे जाऊन बटणावर बोट ठेवलं की ओरडायच्या, "त्याला श्वास रोखायला सांगितलंस का?" आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदा हसायच्या. दर शुक्रवारी तोच विनोद. घरी आल्यावर सुनीताचं वेगळंच. "लोक सुट्टीच्या दिवशी बायकोला फिंतासच्या समुद्रावर नेतात. तुम्ही मडक्यांना आत नेता."

"बाहेरून सगळी मडकी खोटं बोलतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घडवणारी बाई शेवटी ओला हात फिरवून सगळ्या खुणा पुसून टाकते, म्हणून आत बघायचं. भांडण असं होतं. मॅडमनी पुस्तकात ठासून लिहिलं होतं की त्यांच्या भागातली मडकी पूर्वीपासून एकाच गोळ्यातून वर ओढून घडवली जातात, बाई मडक्याभोवती उलट्या पावलांनी फिरत ओढत राहते. परदेशातल्या एका तरुण प्राध्यापकाचं म्हणणं, आजची असतील तशी, पण जुनी मडकी मातीच्या दोरीसारख्या वळ्या एकावर एक बसवून केलेली आहेत. मॅडम त्याला नुसतं 'तो पोरगा' म्हणायच्या. "त्या पोरानं आयुष्यात मातीत हात घातलेला नाही!" पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, तीत एक्स-रे छापून पोराचं तोंड बंद करायचं होतं. कॉलेजच्या डीननंही शब्द दिला होता की आवृत्ती आली की विभागप्रमुख करतो आणि करार वाढवतो. म्हणजे त्यांची खुर्ची, त्यांचा इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि आयुष्यभराचं नाव, सगळं माझ्या मशीनवर येऊन बसलं होतं.

तयारी मात्र पक्की. एक मडकं स्वतः ओढून केलं, एक वळ्यांचं केलं, आणि आधी त्या दोन्हींचे एक्स-रे काढायला लावले. ओढलेल्यात मातीतली बारीक भोकं उभी ताणलेली दिसली. वळ्यांच्या मडक्यात जोडांच्या आडव्या काळपट रेषा. मग तिकडून आणलेली मडकी लावली. ती अलीकडची होती आणि सगळी निमूटपणे मॅडमच्या बाजूनं साक्ष देत होती. जुनं असं एकच होतं, त्यांच्या मावशीच्या हातचं. मावशीला घडवताना त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं, पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. ते हुकमाचं पान म्हणून शेवटच्या शुक्रवारी आणलं.

स्क्रीनवर चित्र आलं आणि मॅडम काचेला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या. वरचा भाग ओढलेला होता, पण खाली, बुडापासून पोटापर्यंत, आडव्या काळपट रेषा.

"ओगा, परत घे."

परत घेतला. बाजू बदलून घेतला. रेषा जागच्या जागी.

"मशीनचा काही दोष असेल," मी म्हणालो. खरं तर मशीनला काही झालेलं नव्हतं.

"मशीन बरोबर आहे." त्या स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "मी झोपलेली असायचे."

"काय?"

"मावशी पहाटे काम काढायची, ऊन चढायच्या आत. मी उठून अंगणात जायचे तोवर खालचं पोट तयार असायचं, वरून हात फिरवून गुळगुळीत. मला दिसायचं ते फक्त वरचं ओढणं. ओगा, मी अख्खं पुस्तक वरच्या अर्ध्यावर लिहिलं!" आणि बाई चक्क हसायला लागल्या. "काय बाई होती! मला पत्ता लागू दिला नाही."

मला हसू येईना. मी म्हणालो, "मॅडम, हे चित्र तुम्ही आणि मी सोडून कुणी पाहिलेलं नाही. बाकीची सगळी मडकी तुमच्या बाजूची आहेत. हे आणलंच नव्हतं असं समजा."

"तुझ्या पेशंटचं हाड मोडलेलं दिसलं तर पुसून टाकतोस?"

"पेशंटला दुखतं. मडक्याला काय दुखतंय?"

"आह-आह! मडक्याला नाही, मावशीला दुखेल. पहाटे उठून तिनं खालचा भाग रचला, आणि मी पुस्तकात ती मेहनतच खाऊन टाकली."

मेलेल्या माणसाला काय दुखणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या मडकं चादरीत गुंडाळत होत्या आणि त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होत्या. अशा माणसाशी काय वाद घालायचा?

मला वाटलं, चार दिवसांत डोकं ताळ्यावर येईल. कसलं येतंय! कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं. मी सुनीताला घेऊन गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. एक्स-रे माझे होते. पहिल्या रांगेत डीन. मॅडमनी पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते मावशीच्या मडक्याचं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "ज्यांच्याशी मी इतकी वर्षं भांडले त्यांचं बरोबर आहे. माझं चुकलं. कसं चुकलं ते आता सांगते." आणि पुढचा तासभर इतक्या आनंदानं सांगितलं की जणू बक्षीस मिळालंय. डीनचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. सुनीता कानाशी पुटपुटली, "अहो, या बाई स्वतःचीच तक्रार करतायत."

व्हायचं तेच झालं. प्रकाशकानं दुसरी आवृत्ती थांबवली, आधी सगळं नव्यानं लिहा म्हणाला. विभागप्रमुख दुसराच झाला. करार वाढला नाही. कारण सांगितलं की विद्यार्थी कमी झालेत. त्या परदेशी पोरानं तर इतकं गोड पत्र पाठवलं, तुमच्यासारखं कुणी नाही वगैरे, की मलाच चीड आली. त्याचं काय गेलं गोड लिहायला? मी मॅडमना तोंडावर सांगितलं, "आमच्यासारख्यांना ही चैन परवडत नाही. हातातोंडाशी आलेली खुर्ची कुणी असं घालवतं का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची वरच्या अर्ध्याची होती, ओगा." मी आजही म्हणतो, गप्प बसल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. आणि हे म्हणताना माझाच आवाज मला पटत नाही, याचा राग येतो तो वेगळाच.

विमानतळावर सोडायलाही मीच गेलो, अर्थात शुक्रवारी. गाडीत त्या पुढचे बेत सांगत होत्या. म्हाताऱ्या कुंभारणी अजून आहेत, गावोगाव फिरणार, पुस्तक पहिल्या पानापासून लिहिणार. "आणि या वेळी पहाटेच जाऊन बसणार." या वयात, नोकरी नसताना!

चेक-इनच्या काउंटरवर मडकं बघून तिथल्या मुलीनं ते मोठ्या सामानाच्या तपासणी यंत्रातून काढून आणायला सांगितलं. यंत्रावर एक तरुण शिपाई होता. मडकं आत गेलं, त्यानं पट्टा थांबवला आणि विचारलं, "हे काय आहे?"

झालं. बाई वळसा घालून थेट त्याच्या बाजूला. मी म्हटलं, आता हा ओरडणार. पण मॅडमनी त्याच्या स्क्रीनवर नखातल्या मातीसकट बोट ठेवलं होतं. "हे वरचं बघ, ओढलेलं. हे मी पाहिलं होतं. आणि ही खालची रेष बघ, ही माझी चूक. इथे मी झोपले होते." शिपाई खुर्चीत पुढे सरकला. त्यानं चित्र मोठं केलं. मग शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्याला हाक मारली, आणि तोही येऊन वाकून बघायला लागला. मागे टीव्हीची खोकी आणि दोरीनं बांधलेल्या गाठोड्यांची रांग लागली होती, लोक कुरकुरत होते, आणि माझ्या घड्याळात काउंटर बंद व्हायची वेळ होत आली होती.

"मॅडम!" मी ओरडलो. "विमान जाईल!"

त्यांनी मागे न बघताच हात वर केला.

"थांब ओगा, याला सगळ्यात खालची वळी अजून दिसली नाहीये."