अर्मांड सिरवाचं पहिलं सत्र

अर्मांड सिरवाने कॉलेजात नाव घातलं तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. आमच्या गावातली कागदाची गिरणी बंद पडली आणि तिथली त्याची एकतीस वर्षांची नोकरी गेली. बरोबरीचे बरेच जण दक्षिणेकडे पोराबाळांकडे निघून गेले. अर्मांड नदीकाठच्या घरातच राहिला. बायको, लोरेट, तीन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी डॅनिएल ॲरिझोनात. तिनेच फोनवर टुमणं लावलं, "बाबा, घरात बसून भिंतींशी बोलाल. त्यापेक्षा शिका काहीतरी." म्हणून पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर काम करायला लागणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने घेतला. त्यात बीजगणित, जीवशास्त्र आणि निबंधलेखन सगळ्यांना सक्तीचं.

मी या कॉलेजच्या ग्रंथालयात मदतीच्या टेबलावर बसते. ज्याचं गणित अडलं, निबंध अडला, तो माझ्याकडे येतो. अर्मांड दर मंगळवारी दोन वाजता यायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "बाई, अपूर्णांक पुन्हा भांडायला लागलेत."

पहिल्या दिवशी तो वर्गात पाच मिनिटं आधी गेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो आत शिरताच पोरं एकदम गप्प झाली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पहिला दिवस आहे, आज लवकर सोडाल ना?"

"मी सर नाही. मीही शिकायलाच आलोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मला वाटलं, कुणाचे तरी आजोबा सोडायला आले!" सगळे हसले. अर्मांडही हसला. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला तो कायमचाच.

जेवायला तो एकदाच कँटीनमध्ये गेला. दोन मुलं बसली होती त्या टेबलावर त्याने डबा उघडला. पावाला लावलेलं क्रेतों होतं, डुकराच्या मांसाचं, लोरेटच्या पद्धतीने केलेलं. दोन मिनिटांत ती मुलं उठून गेली. त्यांचा तास असेल कदाचित. पण दुसऱ्या दिवसापासून अर्मांड आपल्या पिकअप गाडीत बसून जेवायला लागला. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागलं तसा हीटर लावून.

त्याच्याशी बोलणारी एकच होती, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेजारच्या स्टुलावर बसणारी ट्रिना. वय एकोणीस. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, भरवायचं काम करायची आणि नर्स व्हायचं म्हणून शिकत होती.

"अहो अर्मांड, बेडूक मेलेलाच आहे. इतकं जपून काय कापताय?"

"गिरणीत एकतीस वर्षं दहाही बोटं सांभाळली गं. आता बेडकापायी घालवू?"

अर्ध्या सत्राच्या परीक्षेत अर्मांडला अठ्ठ्याहत्तर मिळाले आणि ट्रिनाला एकेचाळीस. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अर्मांड एकट्याने दोघांचे प्रयोग करायचा आणि घरी जाऊन टिपणांची दुसरी प्रत उतरवायचा. त्याने प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "विद्यार्थ्यांची माहिती आम्हाला देता येत नाही." त्यांचंही खोटं नव्हतं.

तीन आठवडे वाट बघून एका रविवारी तो टिपणं घेऊन टेकडीवर गेला. ट्रिना हात पुसत धावत बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. तू आली नाहीस तीन आठवडे."

"कॉलेजने पाठवलं तुम्हाला?"

"छे. शेजारचं स्टूल रिकामं असतं, म्हणून आलो."

"मला वाटलं, मी येत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल."

"माझ्या आलं."

"मला नाही जमत ते, अर्मांड. एकेचाळीस!"

"मला तरी कुठे जमतं? दर मंगळवारी ग्रंथालयात जाऊन रडतो." त्याने टिपणं तिच्या हातात दिली. "शुक्रवारपर्यंत प्राध्यापकांना भेट. अजून वेळ गेलेली नाही."

तेवढ्यात आत घंटी वाजली आणि ती पळाली. अर्मांड टोपी घालत स्वतःशीच फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. आमच्या या भागातली जुनी घरं फ्रेंच बोलणारी. त्याच्याही घरात लोरेट होती तोवर तीच भाषा होती.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिने त्याच भाषेत हाक मारली, "कोण रे तो? कुणाचा तू?"

"सिरवांचा. फर्नांचा मुलगा."

"लाकडं ओढायचा तो फर्नां? अगंबाई! घोड्याला भ्यायचा मेला! घोडा शिंकला तरी झाडामागे जायचा!"

तिचं नाव एक्झिल्दा. वय ब्याण्णव. अर्मांड खुर्ची ओढून बसला तो दीड तास. मला सांगताना म्हणाला, "जीभ गंजली होती, बाई. चमच्याला काय म्हणतात ते आठवेना. तिने सांगितलं, वर टोमणा मारला, की जेवतोस कशाने, फावड्याने?" त्यानंतर तो दर रविवारी जायला लागला.

हे सगळं मला डिसेंबरात कळलं. निबंधाच्या तासाला शेवटचं काम दिलं होतं, पहिल्या सत्राकडे वळून बघा आणि लिहा. अर्मांडने दोनच ओळी आणल्या होत्या. 'मी आलो. बहुतेक पास होईन.' मी विचारलं, "एवढंच?" आणि तो बोलायला लागला. तासभर बोलला. मी ऐकत होते आणि मनातून शरमत होते. चार महिने हा माणूस माझ्यासमोर बसत होता आणि मी त्याला अपूर्णांकांपलीकडे काही विचारलं नव्हतं. तो जेवतो कुठे, हेसुद्धा नाही.

त्याने चार पानं लिहिली. "म्हातारीचं काढून टाकू? तिचा कॉलेजशी काय संबंध?"

"राहू द्या," मी म्हटलं.

शिक्षिकेने निबंधाला चांगली श्रेणी दिली आणि शेवटी पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला, 'ट्रिना परत आली का?'

आली नाही. तिने नाव काढून घेतलं होतं. अर्मांडला मात्र म्हणाली, की पुढच्या वर्षी बघू.

नाताळच्या आधी कॉलेज बंद होणार होतं, त्या दिवशी दुपारी ग्रंथालयात मी एकटीच होते. अर्मांड आला. मंगळवार नव्हता, हातात वहीही नव्हती.

"पास झालो, बाई. तिन्ही विषयांत. बीजगणितातसुद्धा."

"वा! डॅनिएलला कळवलं?"

"ती कामावर होती. संध्याकाळी करेल फोन." तो टोपी फिरवत राहिला. "आधी टेकडीवर गेलो होतो. एक्झिल्दाला परवाच तिच्या मुलीने आपल्याकडे व्हरमाँटला नेलं. खिडकीपाशी दुसरंच कुणी होतं. ट्रिनाची सुट्टी होती. मग परत येताना वाटलं, कुणाला तरी सांगायला पाहिजे."

मी कॉफी केली. आम्ही ती प्यायलो. तो उठताना म्हणाला, "जानेवारीत रसायनशास्त्र घेतलंय. मंगळवारी तुम्हीच असाल ना?"

"असेन. पण जरा आधी या, बाराला. मीही एकटीच जेवते."

त्याने मान डोलावली. टोपी घातली.

ग्रंथालय बंद करून मी बाहेर आले तेव्हा चार वाजताच अंधार पडला होता. वाहनतळावर बर्फात दोनच गाड्या उरल्या होत्या. त्याची पिकअप केव्हाच सुरू झाली होती, पण तो हलला नाही. मी माझ्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं, आत बसले, किल्ली फिरवली. थंडीने पहिल्यांदा गाडी सुरूच होईना, दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. माझ्या गाडीचे दिवे पेटलेले दिसले तेव्हा अर्मांडने हात वर केला आणि नदीच्या रस्त्याला वळला.