बागेकडची किक

शनिवार, २९ एप्रिल २००६, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. रक्कम दोनशे बारा पौंड चाळीस पेन्स. हजर माणसं दोन: मी आणि माझी बायको.

बॉल आमच्या कॉन्झर्व्हेटरीच्या छतातून आत आला. घराच्या मागच्या भिंतीला लागून असलेली ही काचेची खोली आधीच्या मालकाने बांधली होती, साध्या काचेची. छताची एक काच पूर्ण फुटली, शेजारचीला तडा गेला. तुकडे बायकोच्या वेताच्या खुर्चीवर पडले. त्यातला सगळ्यात मोठा मी नंतर मोजून पाहिला. अकरा इंच. तो खुर्चीतल्या उशीत उभा रुतला होता.

दोन मिनिटांपूर्वी ती त्या खुर्चीत बसलेली होती. फेब्रुवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चौदा वर्षं लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात उभ्याने पॅकिंग करून गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पाय वर ठेवून बसायला सांगितलं होतं, आणि आमच्या घरात ऊन येतं ते फक्त त्या खोलीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की ती बसल्या जागेवरून मला हाक मारायची आणि मी गॅस बंद करायचो. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये होतो. हाक ऐकू आली नाही, म्हणून ती चिडून स्वतः उठली.

मी कुंपणापाशी गेलो आणि फळ्यांवरून पलीकडे पाहिलं. पलीकडे कॉलेजचं फुटबॉलचं मैदान आहे. तीस-चाळीस माणसं ओळीने उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि टोपीला हात लावला.

हे घर आम्ही २००० च्या सप्टेंबरात घेतलं. पुढच्या एप्रिलमध्ये पहिला बॉल आला आणि गुलाबाच्या वाफ्यात पडला. सोमवारी ऑफिसला जाताना मी तो कॉलेजच्या रिसेप्शनवर दिला, सोबत चिठ्ठी: तारीख, वेळ, कुठे सापडला, परत करत आहे. कुणी आभार मानले नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा बॉल, पुन्हा चिठ्ठी. तिसऱ्या वर्षी गावच्या पेपरात कॉलेजच्या फुटबॉल क्लबवर अर्धं पान आलं, तेव्हा मला कळलं की हा अपघात नव्हे, रिवाज आहे. दर सप्टेंबरला टीमचा फोटो त्याच एका लाकडी बाकावर काढायचा. पहिल्या मॅचआधी सगळ्यात नव्या खेळाडूने कॅप्टनचे बूट पॉलिश करायचे. वार्षिक डिनरला आजवरच्या सर्व कॅप्टनांची नावं उभं राहून वाचायची. आणि सीझनची शेवटची मॅच संपली की कॅप्टनने बॉल पूर्वेच्या कुंपणावरून ‘बागेत’ मारायचा. राणीच्या वडलांच्या काळापासून हे चालू होतं. तिथे तेव्हा सफरचंदांची बाग होती. आता तिथे चौदा घरं आहेत आणि त्यातलं एक माझं.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळावं अशी इच्छाही कधी झाली नाही. पण चांगला बॉल पंचवीस पौंडांना येतो. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवायची नाही, म्हणून मी पाचही वर्षं बॉल परत केला.

सहावा ठेवून घेतला. तो पुरावा होता.

काचवाला दुसऱ्याच दिवशी येऊन पाहून गेला. म्हणाला, असली काच आता कुणी बसवत नाही, फुटली तर चुरा होणारी घ्या. मी होय म्हटलं आणि बिल खिशातून भरलं. मग कॉलेजला पत्र लिहिलं. उत्तर नऊ दिवसांनी आलं, फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीचं. घडल्या गोष्टीबद्दल खेद आहे. मात्र ही प्रथा तुमच्या घरांच्या आधीची आहे. आपण घराच्या इन्शुरन्सकडे विचारणा करावी. माझ्या पॉलिसीत पहिले शंभर पौंड माझे मलाच भरावे लागतात. मी दुसरं पत्र लिहिलं आणि तीन गोष्टी मागितल्या: बिलाची पूर्ण रक्कम, लेखी माफी, आणि ही किक कायमची बंद.

तोवर खुर्ची आम्ही पुढच्या खोलीत आणली होती. तिथे ऊन नाही, समोर रस्ता आणि कचऱ्याचे डबे. काच बसली तरी बायको मागच्या खोलीत जाईना.

“अहो, मला तिथंच बसायचंय,” ती म्हणाली. “पण सारखं वर बघत बसायचं असेल तर नको.”

“वर बघायची वेळ येणार नाही. ते मी बंद करतो.”

“करा.”

मीटिंग गुरुवारी, १८ मे रोजी पाच वाजता कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ठरली. आम्ही दोघं गेलो, बायको काठी घेऊन. समोर तिघं: कॉलेजच्या उपप्राचार्य बाई, क्लबचे सेक्रेटरी आणि टीमचा कॅप्टन. सेक्रेटरी म्हणजे कुंपणापलीकडून टोपीला हात लावणारा तोच म्हातारा. निवृत्त भूगोल शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, तीस वर्षं क्लबचे सेक्रेटरी, गळ्यात क्लबचा लाल टाय. कॅप्टन आमच्या मागच्या गल्लीतल्या पंजाबी घरातला, अठरा वर्षांचा. बोलणं सगळं इंग्रजीत झालं. आठवतं तसं मी मराठीत लिहितो आहे.

आम्ही बसायच्या आत सेक्रेटरींनी एक मोठी पिशवी टेबलावर उपडी केली. पाच फुटबॉल. प्रत्येकाला माझी चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली.

“हे ओळखता, सर?” त्यांनी विचारलं. ‘सर’ हा शब्द त्यांनी सबंध वेळ असा वापरला की त्यात मान औषधालाही नव्हता.

“ओळखतो. मी परत केलेले आहेत.”

“तुम्ही परत केलेले. या क्लबच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. बॉल पलीकडे जातो आणि त्याच्याबरोबर संपलेला सीझन जातो. तो परत यायचा नसतो. तुम्ही पाच वेळा आमचा गेलेला सीझन आणून रिसेप्शनवर ठेवलात. चिठ्ठीसकट.”

“मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“पेपरात आलं होतं.”

“पेपरात बॉल ठेवून घ्या असं नव्हतं.”

“त्यानंतर आम्ही एकही कप जिंकलेला नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

बायको म्हणाली, “आमच्या बाथरूमच्या खिडकीतून तुमच्या मॅच दिसतात. दोष बॉलचा नाही. तुमचा डावा डिफेंडर पळत नाही.”

कॅप्टनला हसू आलं. सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो बुटांकडे बघू लागला. मग मला म्हणाला, “अंकल, खरं सांगतो. दर वर्षी बॉल परत येतो, म्हणून यंदा मी फुल पॉवरने मारला. लांब गेला तर तुम्हाला सापडणार नाही असं वाटलं. छतावर नेम नव्हता.”

“म्हणजे मी बॉल परत करत होतो म्हणून माझी काच फुटली.”

“तसं म्हणता येईल,” सेक्रेटरी म्हणाले.

मी अकरा इंचांचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हा कुठे पडला आणि त्या जागी दोन मिनिटं आधी कोण होतं. उपप्राचार्य बाईंनी चष्मा काढला. सेक्रेटरींनी तुकड्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. नुकसान भरून देता येईल, ते म्हणाले. पण किक बंद होणार नाही, ती देणं-घेणं करण्याची गोष्ट नाही. आणि त्यांनी खुर्चीशेजारच्या बॅगेतून क्लबचं मिनिटबुक, म्हणजे पहिल्या वर्षापासूनच्या नोंदींचं पुस्तक, काढलं. खूण घातलेलं पान उघडलं आणि पाठ असल्यासारखं वाचलं: सीझनअखेर कॅप्टनने बॉल बागेत मारावा, कारण मैदानाची जमीन बागेतूनच मिळाली. हे वाक्य ते दर वर्षी डिनरला वाचतात, हे कॅप्टनने मला नंतर सांगितलं.

“मला पाहू द्या,” मी म्हणालो.

“जुनं हस्ताक्षर आहे, सर. तुम्हाला लागेल का?”

“मी वीस वर्षं कौन्सिलच्या ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांची हस्ताक्षरं वाचायचाच मला पगार मिळतो.”

मी वाचत बसलो. सगळे थांबले. बाईंनी चहा मागवला, तो गार झाला. सेक्रेटरी दोनदा म्हणाले की एवढं पुरे. चाळीस मिनिटांनी मी त्या खूण घातलेल्या पानावर परत आलो आणि जे वाक्य त्यांनी वाचलं होतं त्याच्या खालचं मोठ्याने वाचलं. बॉलमुळे बागवाल्यांच्या रोपांवरच्या काचेच्या पेट्या फुटल्याची तक्रार आली आहे. सबब कॅप्टनने त्याच संध्याकाळी रस्त्याने वळसा घालून बागेच्या घरी जावं, घरच्या बाईंच्या हातात एक शिलिंग द्यावा आणि पुढच्या वर्षीच्या किकची परवानगी मागावी.

“पुन्हा वाचा,” उपप्राचार्य बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

त्यापुढे दर वर्षाची नोंद होती: किक झाली, शिलिंग दिला, आणि खाली त्या घरच्या बाईची सही. मग एका वर्षी लिहिलेलं: बाग विकली गेली, नवीन घर कुणाचं ते कळेपर्यंत शिलिंग राखून ठेवावा. त्यानंतर फक्त ‘किक झाली’. शिलिंगचा रकाना आजतागायत कोरा.

“ती किरकोळ व्यवस्था होती,” सेक्रेटरी म्हणाले. “परंपरा म्हणजे किक.”

“दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एकाच शाईत लिहिली आहेत. अर्धी परंपरा तुम्ही पाळलीत, अर्धी खाल्लीत. आणि हे पुस्तक तीस वर्षं तुमच्याच कपाटात आहे.”

त्यांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

“शिलिंग म्हणजे पाच पेन्स,” मी म्हणालो. “आम्ही राहायला आल्यापासून किक सहा झाल्या. तीस पेन्स. त्याआधीचे मी मागत नाही, ते आधीच्या घरवाल्यांचे.”

“आणि परवानगी?” बायकोने विचारलं. “बाईंना विचारायचं असं लिहिलंय ना? मी नाही म्हटलं तर?”

सेक्रेटरींनी पुस्तक आपल्याकडे ओढलं, पण मिटलं नाही. कॅप्टन तिच्याकडे बघत होता. मीही बघत होतो. दोन पत्रं आणि चाळीस मिनिटांचं वाचन खर्चून मला जे हवं होतं ते आता तिच्या एका शब्दावर होतं.

“आमच्या लॉनवर, काचेच्या खोलीपुढे जाळी लावा,” ती म्हणाली. “छताहून पाच फूट उंच. तुमच्या खर्चाने. मग मारा. बॉल कुंपण ओलांडून आमच्या गवतावर पडेल. तो परत येणार नाही, मी बघते.”

उपप्राचार्य बाईंनी लगेच मान डोलावली. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीपुढे ठेवावं लागेल. बाई म्हणाल्या, ठेवा, आणि मंजूर करा.

निघताना सेक्रेटरींनी खिशातून सुटे काढले, तीस पेन्स मोजले आणि माझ्यापुढे सरकवले.

“मला नाही,” मी म्हणालो. “घरच्या बाईंच्या हातात.”

त्यांना उठून टेबलाला वळसा घालावा लागला.

घरी जाताना कोपऱ्यावर मी न राहवून म्हणालो, “बंद करायचं ठरलं होतं आपलं.”

“बंद केली असती तर त्या म्हाताऱ्याने मरेपर्यंत शिव्या घातल्या असत्या. आता दर वर्षी दारात येऊन विचारावं लागेल. तुम्हाला कुठलं जास्त आवडेल?”

लॉनमध्ये खांबांसाठी चार खड्डे पडणार होते, ते मला अजिबात पसंत नव्हते. पुढे ते खणायला आलेल्या माणसाने दोन खड्डे चुकीच्या जागी खणले. त्याचंही मी पत्र लिहिलं.

माफीचं पत्र जूनमध्ये आलं. चार ओळी, खाली उपप्राचार्य बाईंची सही. सेक्रेटरींनी सही केली नव्हती.

२८ एप्रिल २००७, शनिवार. सकाळी जाळी चढली. जेवण झाल्यावर बायकोने वेताची खुर्ची मागच्या खोलीत न्यायला सांगितली. मी म्हणालो, आज एक दिवस पुढे बस, उद्यापासून तिथे. ती म्हणाली, आज बसले नाही तर मग कधीच बसणार नाही. मी खुर्ची ठेवली. ती पाय स्टुलावर ठेवून उन्हात बसली आणि मुद्दाम वाटाणे सोलायला घेतले. मी बाहेर जाळीपाशी उभा राहिलो. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मलाही कळत होतं.

चार वाजून बारा मिनिटांनी बॉल कुंपणावरून आला, जाळीच्या वरच्या कडेला लागला आणि गवतावर पडला. मी वळून पाहिलं. तिने वर पाहिलं नव्हतं. तिचे हात मात्र थांबले होते. मग पुन्हा सोलू लागली.

पाच वाजता बेल वाजली. नवा कॅप्टन, चिखलाचे बूट हातात घेऊन, मोजे घालून पायरीवर उभा. मागे फाटकापाशी सेक्रेटरी, काखेत ते पुस्तक. त्यांनी मला ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

“आंटी, हा शिलिंग,” मुलगा म्हणाला. “आणि पुढच्या वर्षी मारली तर चालेल का?”

“डावा डिफेंडर बदलला का?”

“हो.”

“मग मार.”

सेक्रेटरी पायरीपर्यंत आले आणि त्यांनी पुस्तक तिच्यापुढे उघडून धरलं. तिने त्या कोऱ्या रकान्यात सही केली. सही नीट वाळल्याखेरीज त्यांनी पुस्तक मिटलं नाही. पेन माझं होतं, ते त्यांच्याकडेच राहिलं.

तेव्हापर्यंत दिलं गेलं ते असं. काचेचे दोनशे बारा पौंड चाळीस पेन्स, काचवाल्याला मी, आणि जुलैमध्ये मला कॉलेजने, चेकने. जाळीचे तीनशे चाळीस पौंड, ठेकेदाराला क्लबच्या माजी खेळाडूंच्या फंडातून. सात किकचे पस्तीस पेन्स, रोख, माझ्या बायकोला.