रांगेबाहेरचा आश्रय

दरड आली. त्यात आई गेली आणि घर गेलं. तेव्हापासून मी पोलादपूरजवळ सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये राहतो आणि पक्क्या घराची वाट पाहतो.

दाढीला नाक्यावरच्या न्हाव्याकडे जातो. मत मांडताना तो वस्तरा हवेत थांबवतो. मत मोठं असलं की गालावरचा साबण वाळतो. परवा माझी दाढी चालू असताना दुकानातल्या टीव्हीवर बातमी होती : देश सोडून पळालेल्या एका पुढाऱ्याला शेजारच्या देशाने तडकाफडकी आश्रय दिला, बंगल्यासकट. त्याच देशाच्या सीमेवर साधी माणसं वर्षानुवर्षं तंबूत आहेत.

वस्तरा थांबला. "बघा मास्तर, मोठ्याला लगेच दार उघडलं. तुम्ही अजून पत्र्याखाली. न्याय हाय का हा?"

तेवढ्यात दारात गाडी थांबली. आमच्या घरांचं काम हाती घेतलेले साहेब उतरले. न्हाव्याने माझ्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

"मास्तर, जरा बाकावर बसा. सायबांना घाई हाय."

मी उठलो. त्याने त्याच कापडाने खुर्ची झटकली आणि साहेब टेकले. आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "घराचं होईल हो, मास्तर. रांगेनं होतं सगळं."

न्हाव्याने गंभीरपणे मान डोलावली. आश्रय किती वेगाने मिळतो, ते मी अर्ध्या दाढीने जवळून पाहिलं.

मी अजून शेडमध्येच राहतो, आणि दाढीही त्याच्याकडेच करतो.